दामलेकाका आणि स्वीडनची मोहोर

आमचे दामलेकाका मारी बिस्किटसुद्धा कडेने धरतात. अंगठा आणि तर्जनी, बस्स. निवृत्त इंजिनिअर, आणि चाळीस वर्षं जुन्या नाण्यांचा नाद. नाण्याच्या तोंडाला बोट लागलं की ते बाटलं, हा त्यांचा धर्म. जर्मनीत, बाड हॉम्बुर्गच्या आमच्या इमारतीत कुणीही काहीही उचललं, की ते ओरडतात, "कडेने धर!" मी सत्यनारायणाच्या प्रसादाचा पेढा उचलला तेव्हाही ओरडले. शैलाकाकू नुसत्या हसतात.

त्याहून मोठं पाप म्हणजे कडी. गळ्यात घालण्यासाठी कुणी जुन्या मोहरेला कडी डकवली, की काका कपाळावर हात मारून घेतात. "कडी लागली की नाणं मेलं! गेनाऊ!" म्हणजे 'अगदी बरोबर', असं स्वतःलाच जर्मनमध्ये बजावतात.

परवा ते लिलावाची यादी घेऊन धापा टाकत माझ्या दारात आले.

"रश्मी, गाडी काढ! स्वीडनची मोहोर! तीस वर्षांच्या युद्धात त्यांच्या राजाने जर्मनीतली शहरं घेतली ना, तेव्हा इथेच पाडलेली. बारा वर्षं शोधतोय अशी!"

यादीत खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : कडी काढल्याची खूण.

"काका, ही तर मेलेली."

"तू गाडी काढ गं!"

फ्रँकफुर्टला लिलावात काकांनी नंबराची पाटी वर केली, ती खाली घेईनातच. समोरचे दोघे गळाले, तरी पाटी वरच. शेवटी लिलाव पुकारणारी बाई म्हणाली, "साहेब, आता तुम्ही स्वतःशीच भांडताय." मोहोर मिळाली! मीच खुर्चीवरून उडाले.

मग त्यांनी गाडी सोनाराकडे घ्यायला लावली, आणि जुन्या खुणेवरच नवी कडी बसवून घेतली. काकांनी!

"शैलाने पुतळ्यांची माळ मोडली, म्हणून मी इथे शिकायला येऊ शकलो," परतताना ते म्हणाले. "चांगल्या नाण्याला कडी लावायला हात धजेना. ही कुणीतरी आधीच गळ्यात घातलेली आहे."

मला भरून आलं. गाडी मात्र नीट चालवली.

घरी काका स्वतःच काकूंच्या गळ्यात मोहोर बांधायला लागले. राजाचं तोंड त्यांनी घामट मुठीत गच्च धरलं होतं.

"अहो, कडेने धरा ना," काकू म्हणाल्या.

"असू दे," काका म्हणाले.