लिंबानं खाल्लेले दात

गुजरातेतल्या उधन्याच्या एका कापड विणणाऱ्या लूम कारखान्यात मुकादम असलेल्या शालिग्राम पाटलांनी ठरवलं, पोट कमी करायचं. कुणीतरी म्हणालं, रोज उपाशीपोटी एक लिंबू घ्या. एक सांगितलं की शालिग्राम दोन घेणार! तेही पाण्याशिवाय. बायकोनं, भागीरथीबाईंनी, रसाची वाटी हातात दिली की हे तो रस तोंडात घोळवत आख्खा पेपर वाचून काढत. मग लगेच ब्रश, जळकी कढई घासावी तसा.

चार महिन्यांनी पोट होतं तिथंच होतं, पण माठातलं पाणी दाताला लागलं की शालिग्राम जागच्या जागी उडायचे. भाकरी चावली तरी कळ यायची.

"पिठात खडा आहे," त्यांनी निकाल दिला.

भागीरथीबाईंनी पीठ दोनदा चाळलं, गिरणी बदलली. (जुन्या गिरणीवाल्याशी शालिग्राम स्वतः जाऊन भांडून आले. तो बिचारा गुजरातीत हात जोडत होता.) शेवटी भाकरी दुधात कुस्करून दिली, तरी हे गाल धरूनच! तेव्हा बाईंनी त्यांना रिक्षात बसवून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"काका, खट्टा बहुत खाते हो?"

"बिलकुल नहीं. अचार भी नहीं," शालिग्राम छाती काढून म्हणाले. "बस, नींबू. रोज दो."

"एक," भागीरथीबाई हळूच म्हणाल्या.

"दोन!"

"दोन महिने झाले, एकच पिळते. बाकी पाणी. तुमचं वाकडं तोंड बघवेना मला."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, आंबटानं दातांचं कवच मऊ पडतं, त्यावर लगेच ब्रश मारला की झिजतं आणि झिजलेलं परत येत नाही. आंबट खाल्लं तर साध्या पाण्यानं चूळ भरा, ब्रश नंतर. "और काका, जो बचा है, वो काकी की वजह से."

परतताना रिक्षातला वारा दातांना झोंबू लागला. शालिग्रामांनी रुमाल तोंडावर घट्ट दाबला. शेजारी भागीरथीबाई औषधाची पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या. बावीस वर्षांच्या संसारात कधी जमलं नव्हतं, ते आज ते बोललेच,

"भागीरथी, तू होतीस म्हणून गं..."

रुमालातून नुसतं "ऊं ऊं ऊं" बाहेर आलं.

"दुखस का?" बाईंनी काळजीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "बोलू नका बरं. गप बसा."