विहिरींचे दफ्तर गेले त्याची बखर

श्रीगजाननास वंदोन, शारदेस स्मरोन आणि घडले तेवढेच लिहिण्याचे बळ दे म्हणोन विनवोन लिहिणे ऐसे जे: शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध पंचमीस एका राज्यात, ज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, पुढील वर्तमानास आरंभ जाहाला. राज्य थोडके, परंतु पाण्याचे दफ्तर थोर. विहिरी नऊशे चौदा. कोणतीचे पाणी गोड, कोणती चैत्रात तळ दाखविते, कोणतीचे पाणी लेकरास पाजू नये, हे सर्व दफ्तरदार गिरजाबाई नेवसे यांनी बावीस वर्षे पायी हिंडोन, रश्शीस शिशाचा गोळा बांधोन, स्वहस्ते मोजोन लिहिले आणि मग ते दफ्तर सर्व्हर नामे कोठारात ठेविले. कोठार जावा नामे विद्येने बांधिलेले, आणि त्याची रखवाली आम्हांकडे, म्हणजे प्रस्तुत लिहिणाराकडे.

गिरजाबाईंचे गुडघे कुरकुरू लागले, सबब त्यांनी अर्ज केला की दर खेपेस राजधानीस येवोन नोंद करणे होत नाही, तरी विहिरीच्या काठी बसोन कोठारातील फाईल उघडावी, लिहावी, घरच्या पेटीत ठेवावी तैसी ठेवावी, ऐसी सोय व्हावी. राज्याचे धनी खासे स्वामी यांची मर्जी प्रसन्न जाहाली आणि आम्हांस आज्ञा जाहाली. आता कोठार बांधणारे लोक शहाणे. त्यांनी मूळचाच दंडक घातला होता की दुरोन येणाराने वाचावे, बदल करू नये. आम्ही तो दंडक काढिला, आणि मग पहाऱ्याचा हुकूमनामा लिहिला की जो फाईल पाहावयास येईल आणि जो फाईल ठेवावयास येईल त्यास पासवर्ड विचारावा. पाहण्याचा पासवर्ड सर्व ठाणेदारांस दिला, ठेवण्याचा एकट्या गिरजाबाईंस. मग स्वतःच तिऱ्हाईत होवोन पाहावयास गेलो, अडविले. ठेवावयास गेलो, अडविले. आणि आपली पाठ आपणच थोपटोन घेतली.

परंतु सर्व्हरचा पहारेकरी माणूस नव्हे. माणसास सांगावे की पाहणारास अडव, तर नासधूस करणारास तो न सांगता अडवितो. हा पहारेकरी हुकमात ज्या कामाचे नाव असेल तेवढेच अडवितो. ज्याचे नाव नाही त्यास वाट मोकळी. आम्ही पाहणे लिहिले, ठेवणे लिहिले. पुसून टाकणे लिहावयाचे राहिले.

मार्गशीर्ष वद्य द्वितीयेस सकाळी एक ठाणेदार फाईल पाहावयास जातो तो कोठार रिकामे. नक्कल होती तीही शहाणपणाने त्याच कोठारात ठेविलेली, तीही गेली. मग दरबार भरला आणि त्र्यंबकपंत कारभारी यांनी जाबसाल केला की ही सोय मागितली कोणी, तर गिरजाबाईंनी. दफ्तरास हात लावण्याचा पासवर्ड कोणाकडे, तर गिरजाबाईंकडे. मग आणखी पुरावा तो काय पाहिजे. गिरजाबाई इतकेच बोलिल्या की बावीस वर्षे ज्या विहिरींत वाकोन पाहिले त्या मी कशास पुसीन. कोणी मानिले नाही. शिक्का काढोन घेतला, आणि गावोगाव बोलवा जाहाला की बाईने दफ्तर विकोन खाल्ले.

तिसरे दिवशी आम्ही पहाऱ्याची रोजवही उघडिली. त्या वहीत ज्यास पासवर्ड विचारिला त्याचे नाव पडते, आणि ज्यास विचारिलाच नाही त्याचे नावाचे जागी आडवी रेघ पडते. पुसणाराचे नावाचे जागी रेघ होती, आणि आला कोठोन या रकान्यात परमुलखाचा पत्ता. जगात कोठारांची दारे चाचपीत फिरणारी यंत्रे पुष्कळ, त्यांतील एखादे आले असावे. त्याचा धनी कोण, हे कळले नाही. गिरजाबाई नव्हेत हे मात्र उघड जाहाले. ती रेघ वाचणारे राज्यात आम्ही एकटे. आम्ही वही मिटली. अब्रूचे भय वाटले, दुसरे कारण नाही. मग चाळीस दिवस जो तो येवोन बाईस चोर म्हणे आणि आम्ही मान हलवीत असू.

पुढे पौषाचे अखेरीस वडाळी ठाण्यातील तीनशे सत्त्याहत्तरावी विहीर, जी बाईंनी वर्ज्य लिहिली होती, ती दफ्तर नाही म्हणोन ठाणेदाराने खुली केली. गिरजाबाईंस कळले तो त्या दुखऱ्या पायांनी चार कोस गेल्या आणि काठावर बसोन येणाऱ्या बायांस सांगू लागल्या की हे पाणी नेऊ नका. बाया म्हणाल्या, चोराचे कोण ऐकतो, आणि घागरी भरोन नेल्या. अकरा माणसे अंथरुणास खिळली, त्यांत पाच लेकरे. दैवाने सर्व वाचली. हे वर्तमान ऐकोन आम्हांस अन्न गोड लागेना, आणि मग माघ शुद्ध प्रतिपदेस दरबारात उभे राहोन रोजवहीतील रेघ सर्वांस दाखविली आणि कबूल केले की हे आम्हांस चाळीस दिवस ठाऊक आहे.

मग स्वामींनी उठोन शिक्का स्वहस्ते गिरजाबाईंस दिला. आम्ही हुकूमनामा काढोन त्यात तिसरा शब्द घालू लागलो, तो बाई म्हणाल्या, "थांबा. आणि कोणत्याच कामाचे नाव लिहिले नाही तर?"

आम्ही म्हटले, "मग काम कोणतेही असो, तो सर्वांसच पासवर्ड विचारील."

"तर घालता काय? आहेत ते दोन खोडा."

खोडिले, आणि पहारा पुरा जाहाला. मग आम्ही पाय धरू लागलो तो त्या मागे सरल्या आणि म्हणाल्या, "तोंडची माफी मला नको. मला चोर म्हटले तेव्हा तुम्ही मान हलवलीत. आता सगळे लिहा, आणि सगळे ठाणेदार पाहतील तिथे ठेवा."

सारांश, दफ्तर गेले ते आमच्या हुकमाने. गिरजाबाई नेवसे निर्दोष. विहिरी त्या पुन्हा पहिलीपासोन मोजीत आहेत, आजपर्यंत दोनशे सहा जाहाल्या. ही फाईल कोठारात ठेविली आहे. वाचण्याचा अधिकार सर्वांस. पुसण्याचा एकट्या गिरजाबाईंस दिला आहे, आणि त्यांनी अद्याप पुसली नाही.