दीपगृहाचा दिवा लागेना

मुलांनो, एक माणूस डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटू नका. मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? उंची बेताची, पोट बेताच्या थोडं पुढे, खिशात भिंग. हे मामा. स्वतःच्या मते आजवर जन्मलेल्यांत सर्वांत तल्लख गुप्तहेर. इतरांच्या मते टपाल कचेरीतले कारकून. अपुऱ्या पत्त्यांची पाकिटं योग्य घरी धाडण्यात त्यांची हयात गेली. 'निळं दार, शिंकणारे आजोबा' एवढ्या पत्त्यावरही त्यांनी पत्र पोहोचवलं होतं. ते भलत्याच आजोबांना पोहोचलं, हा तपशील ते सहसा सांगत नसत.

त्या दिवशी ते भाचीबरोबर मुलांच्या कार्यशाळेत आले होते. भाचीला घरात सगळे खटपटी म्हणत. तिनं पुठ्ठ्याच्या नळीचं दीपगृह केलं होतं. आत बॅटरी, वर बल्ब, खाली दोन ड्रॉइंग पिना. पहिल्या पिनेला अडकवलेली यू-पिन फिरवून दुसरीच्या डोक्यावर टेकवली, की दिवा लागायचा. चार वाजता पालक येणार होते, आणि कार्यशाळेच्या बाईंचा नियम होता: चालेल ते टेबलावर, न चालेल ते कपाटात. खटपटीच्या आईनं एवढ्यासाठी दवाखान्यातली पाळी बदलून घेतली होती.

साडेतीनला खटपटीनं यू-पिन फिरवली. दिवा लागला नाही.

"घातपात!" मामा म्हणाले. त्यांना इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

"मामा, बॅटरी संपली असेल."

"संपली नाही, संपवली गेली."

खटपटीनं दुसरी बॅटरी घातली. अंधार. मग बल्ब बदलला. अंधारच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं बाईंनी शिकवलं होतं. मामांना एका वेळी सगळ्यांवर संशय घ्यायची सवय होती.

"हा बघ!" भिंग नळीला टेकवत ते पुटपुटले. "अंगठ्याचा सोनेरी ठसा. गुन्हेगार सोनार आहे."

"इथे सोनार कुठून आला?"

"म्हणजे पळालासुद्धा!"

मग ते शेजारच्या टेबलाकडे वळले. तिथे कुरळ्या नावाचा मुलगा आपली पाणचक्की पुसत होता.

"तुझी चक्की फिरते आणि हिचा दिवा लागत नाही. याचा अर्थ काय?"

"चक्कीला बॅटरी लागत नाही, काका."

"उत्तर तयारच ठेवलं होतंस!" मामा म्हणाले, आणि चोरलेली वीज शोधण्यासाठी त्यांनी पाणचक्कीची अकराच्या अकरा पाती एकेक करून उपटली. वीज सापडली नाही. थोडं पाणी सापडलं, ते त्यांच्या बुटात गेलं.

इकडे खटपटीनं तारेचा तुकडा घेतला आणि पुठ्ठ्याच्या मागून दोन्ही पिनांच्या टोकांना टेकवला. दिवा लागला! तोच तुकडा पुढून पिनांच्या डोक्यांवर टेकवला. दिवा गेला. तिनं एका पिनेवर नख घासलं. नखात सोनेरी कपचा आला.

"मामा, या पिना काल चंदेरी होत्या."

"हो, काल संध्याकाळी मीच जरा रंगाचा हात फिरवला. लोक बघायला येणार, थोडी शोभा नको?"

"या रंगातून वीज जात नाही, मामा."

मामांनी स्वतःचा अंगठा भिंगाखाली धरला. बराच वेळ धरला.

"तपास पूर्ण," ते शेवटी म्हणाले. "गुन्हेगार घरचाच आहे, हे मी आता बोलणारच होतो."

खटपटीनं पॉलिशपेपरनं पिना घासल्या, यू-पिन टेकवली आणि दीपगृह उजळलं. बाईंनी मान डोलावली. चारला दहा मिनिटं होती आणि आई दाराशी येऊन चपला काढत होती.

शेजारी कुरळ्या खाली वाकून पाती वेचत होता. सात सापडली होती. त्याचे बाबाही दारात उभे होते.

खटपटीनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे.

"मामा, तू इथे थांब आणि आईला दिवा दाखव. कशालाही हात लावू नकोस."

मग ती टेबलाखाली शिरली, चार पाती घेऊन बाहेर आली आणि कुरळ्याशेजारी स्टूल ओढून बसली.

"चल, पहिलं पातं कुठलं?"