तांत्रिक निरोप

चंद्रप्रकाश मेस्त्री याने शुक्रवारी सरकारी नोकरी सोडली आणि सोमवारी सरकारी नोकरी धरली. यात आपण काही जगावेगळं करतो आहोत असं त्याला वाटलं नाही. मुलुंडच्या नामफलक तपासणी कार्यालयात तो वरिष्ठ लिपिक होता, अंधेरीच्या पदपथ सुलभता प्राधिकरणातही वरिष्ठ लिपिकच होणार होता. मुलुंडला दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं मोजायची असत, अंधेरीला पदपथ मोजायचे होते, अर्थात सापडले तर. अंधेरीत बढतीची रांग छोटी होती, एवढाच काय तो मोह.

अशा माणसासाठी शासनाने एक फार सुंदर सोय करून ठेवली आहे. तिला तांत्रिक राजीनामा म्हणतात. रीतसर परवानगीने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाणारा माणूस जातो, पण कागदोपत्री जात नाही. त्याची जुनी सेवा धरली जाते, पगार खाली येत नाही, साठलेली रजा आणि निवृत्तिवेतन त्याच्यामागोमाग चालत येतं. साधुसंत आत्म्याबद्दल जे सांगतात तेच शासन लिपिकाबद्दल सांगतं. चंद्रप्रकाशने असा राजीनामा दिला, तो मंजूर झाला आणि त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. इथेच त्याचं चुकलं. निःश्वास सेवा धरल्याचा आदेश हातात पडल्यावर टाकायचा असतो.

अंधेरीत रुजू होऊन पहिला पगार झाला तेव्हा तो काल लागलेल्या पोराइतका निघाला. चंद्रप्रकाश आस्थापना शाखेत गेला. तिथे कुंदा वाघधरे बसत. बाई कामाला चोख होत्या. नियमात नसलेली गोष्ट त्यांच्या टेबलावरून जात नसे, आणि असलेली गोष्टही सहसा जात नसे. त्यांनी फाइल न उघडता मोबाइल उघडला आणि एक फोटो त्याच्यापुढे धरला.

"मेस्त्री, हे कोण?"

"मीच आहे मॅडम."

"अंगावर काय आहे?"

"शाल."

"हातात?"

"नारळ."

"बरोबर. शाल-श्रीफळ. म्हणजे निरोप समारंभ. निरोप घेतलात म्हणजे तुम्ही गेलात. गेलात म्हणजे राजीनामा खरा. आणि तो खरा असेल तर तांत्रिक कसा?"

फोटो मुलुंडच्या कार्यालयाच्या ग्रुपवरून फिरत फिरत इथवर आला होता. खरं तर त्यात मुलुंडवाल्यांचाही दोष नव्हता. ते कार्यालय कोणालाच निरोप दिल्याशिवाय सोडत नसे. माणूस निवृत्त होवो, त्याची बदली होवो, नाहीतर बाळंतपणाच्या रजेवर जावो, बॅनर लागायचा, वेफर्स आणि पेढा यायचा, सगळे ओळीने बोलायचे. कोणी जाण्याच्या निमित्ताने दुपार मोकळी मिळते, हे तिथल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. चंद्रप्रकाशलाही होतं. त्याने स्वतः असे कितीतरी निरोप दिले होते.

कुंदाबाईंनी उपाय सांगितला. ज्याअर्थी माणूस गेला नाही, त्याअर्थी त्याला दिलेल्या वस्तू परत गेल्या पाहिजेत. शाल सोपी होती, ती घडीही न मोडता कपाटात पडली होती. नारळाचं अवघड होतं. तो त्याच संध्याकाळी कांजूरमार्गच्या घरी त्याच्या बायकोने, श्रुतिकाने, बांगड्याच्या तिकल्यात, म्हणजे तिखट कालवणात, घातला होता. चंद्रप्रकाशने बाजारातून तसाच एक नारळ घेतला, शालीबरोबर मुलुंडला नेऊन दिला आणि पोच मागितली. तिथे अधीक्षक बाळ खरे यांना प्रश्न पडला, की कार्यालयाला मिळालेला नारळ टिकाऊ वस्तूंत नोंदवायचा की नाशवंत. त्यांनी वरून मार्गदर्शन मागवलं. मार्गदर्शन येईपर्यंत नारळाला कोंब आला आणि तो आपोआप वृक्षलागवडीखाली गेला. पोच मिळाली.

चंद्रप्रकाश ती घेऊन अंधेरीला परतला तेव्हा प्रकरण उपसंचालक ऋता गुप्ते यांच्यापर्यंत पोचलं होतं. गुप्ते मॅडम विचारी होत्या. शाल परत गेली हे त्यांनी मान्य केलं, नारळाबद्दलही त्यांची तक्रार नव्हती. पण समारंभात भाषणं झाली होती. त्यांचे व्हिडिओ होते. एकजण म्हणाला होता, मेस्त्रींच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. एक बाई रडल्या होत्या.

"पोकळी निर्माण झाली असेल तर पद सोडल्याचा तो पुरावा आहे," गुप्ते मॅडम म्हणाल्या. "शाल परत करता येते, मेस्त्री. पोकळीचं काय करणार?"

चंद्रप्रकाशने अगदी नम्रपणे सांगितलं की मॅडम, निरोपाला लोक बोलतात तसं बोलले, मनापासून थोडंच बोलतात.

"मग तसं लेखी आणा," मॅडम म्हणाल्या.

मसुदा कुंदाबाईंनी करून दिला. 'मी खाली सही करणार असे प्रमाणित करतो/करते की, श्री. मेस्त्री यांच्या निरोपप्रसंगी मी केलेले भाषण औपचारिक स्वरूपाचे असून, त्यातील दुःख, आदर व आपुलकी या भावना मनापासून नव्हत्या. श्री. मेस्त्री यांच्या जाण्याने मला व्यक्तिशः काहीही फरक पडलेला नाही.' बोललेल्या प्रत्येकाची सही हवी होती. चंद्रप्रकाशला कागद हातात धरायचीसुद्धा लाज वाटली. पण घरी त्याचे वडील, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, रोज एकच गोष्ट विचारत होते, मागची सेवा धरली का.

भाऊ परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांची सगळी सेवा एका रात्रीत नाहीशी झाली होती. पुढे त्यांनी सोसायट्यांच्या गेटवर बसून संसार काढला, पण मुलगा सरकारात चिकटला त्या दिवशी ते पहिल्यांदा दुपारी निवांत झोपले. आता त्यांची झोप पुन्हा उडाली होती. "माजी वर्सां गिरणीवांगडा गेली," ते म्हणाले. "तुजी जाव देव नको." दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तो मुलुंडला गेला.

जाताना बसमध्ये त्याने कसं कसं बोलायचं याची तयारी केली होती. रागावतील, वाईट वाटेल, म्हणतील काय रे हे मेस्त्री. त्या तयारीचा उपयोग झाला नाही. बाळ खरे यांनी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पेन काढलं. पोकळीवाल्याने सही करून वर विचारलं की तारीख समारंभाची घालू की आजची. रडलेल्या बाईंनी सांगितलं की त्यांना त्या दिवशी सर्दी होती, तसं कंसात लिहू का. ज्यांनी भाषणच केलं नव्हतं असेही दोघे येऊन सही करू लागले. त्यांना समजावून परत पाठवावं लागलं. कोणालाही क्षणभर थांबावंसं वाटलं नाही. चंद्रप्रकाशला हायसं वाटलं, आणि हायसं वाटतानाच थोडं वाईटही वाटलं. पण पगार वाचत होता, तेव्हा त्याने सह्या मोजायला घेतल्या.

एकच सही राहिली होती, अनंत टेमकरची.

अनंत आवक-जावक विभागात बसायचा. मूळचा देवगडचा, बोलायला कमी. चंद्रप्रकाश नोकरीला लागला त्या दिवसापासून दोघं एका टेबलावर डबा खात आले होते. त्यांच्यात फार बोलणं व्हायचं असंही नाही. डबे उघडायचे, एकमेकांच्या डब्यातलं घ्यायचं, बंद करायचे. निरोप समारंभात अनंतला बळेच उभं केलं तेव्हा तो एकच वाक्य बोलला होता आणि खाली बसला होता: "चंदू चललो, आता डबो कोणावांगडा खावचो?" लोक हसले होते. मालवणी ऐकलं की मुंबईत लोक हसतात.

अनंतने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग घडी घालून परत दिला.

"माका ह्या जमाचा नाय."

"अरे, नुसती सही आहे. सगळ्यांनी केली."

"तेंचा खोटा होता म्हणून तेनी केली. माजा खरा होता. मी खोटा कसा लिवू?"

चंद्रप्रकाशने त्याला परोपरीने समजावलं. ही सही तांत्रिक आहे, म्हणाला. अनंतने विचारलं, तांत्रिक म्हणजे खोटी ना? तसं नाही, म्हणाला. मग खरी का? तसंही नाही. अनंतने टपालाचा गठ्ठा पुढे ओढला आणि शिक्के मारायला लागला.

चंद्रप्रकाश अंधेरीला परत आला आणि त्याने गुप्ते मॅडमना विचारलं की एका माणसाचं प्रेम वगळून बाकीचं प्रकरण मंजूर करता येईल का. मॅडमनी त्यावर खरोखर विचार केला. दोन दिवसांनी लेखी उत्तर आलं. 'आपले जाणे एकाही व्यक्तीस मनापासून जाणवले असल्यास ते जाणे झाले असे समजण्यात येईल. सबब मागील सेवा खंडित ठरेल. आपुलकीस अंशतः सूट देण्याची तरतूद नाही.' सोबत कुंदाबाईंनी तोंडी सांगितलं की महिनाअखेरीस प्रकरण बंद होईल, मग ब्रह्मदेव आला तरी पगार तोच.

त्या रात्री जेवताना श्रुतिकाने सरळ विचारलं, की अख्ख्या मुलुंडात तुला जीव लावणारा एकच निघाला आणि तोच आपल्या मुळावर आला का. चंद्रप्रकाशला हसू आलं आणि मग आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो मुलुंडला पोचला. अनंत त्याच टेबलावर एकटा बसला होता. चंद्रप्रकाशला पाहून त्याने डब्याचं झाकण त्याच्याकडे सरकवलं, नेहमीसारखं. त्यात तळलेल्या बोंबलांचे तुकडे होते. चंद्रप्रकाशने हात लावला नाही. काय करायचं ते त्याने बसमध्ये ठरवलं होतं आणि या वेळी तयारीचा उपयोग होणार होता. अनंत खोटं लिहायला तयार नव्हता, तर लिहायचं ते खरं करून देणं एवढंच उरलं होतं.

"अन्या, एक सांगू? मी तुझ्याबरोबर बसायचो ते तुझ्या डब्यात मासे असायचे म्हणून. बाकी काही नाही. तुझ्याशी बोलायला मला कंटाळाच यायचा. तिकडे गेल्यापासून तुझी एकदाही आठवण आली नाही."

अनंतने घास तसाच हातात धरला. तो रागावला नाही, त्याचे डोळेही भरले नाहीत. त्याने घास डब्यात ठेवला, हात पुसला आणि कागद मागितला. सावकाश सही केली. सहीखाली तारीख घातली, समारंभाची नव्हे, त्याच दिवसाची.

"आता मनापासून केलंय," तो म्हणाला. आणि डबा उचलून आपल्या खिडकीपाशी गेला.

चंद्रप्रकाशला त्याच्यामागे जावं, पाया पडावं, सगळं खोटं होतं म्हणून सांगावं असं फार फार वाटलं. पण सांगितलं असतं तर सही पुन्हा खोटी ठरली असती. तो गेला नाही.

आदेश वेळेत निघाला. मूळ वेतन संरक्षित, वार्षिक वेतनवाढ संरक्षित, अर्जित रजा संरक्षित, निवृत्तिवेतनासाठी मागील सेवा संरक्षित. कुंदाबाईंनी स्वतः येऊन अभिनंदन केलं आणि असं स्वच्छ प्रकरण आजवर पाहिलं नाही म्हणाल्या. भाऊ दुपारी झोपू लागले. चंद्रप्रकाश अंधेरीच्या कॅन्टीनमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवतो. शेजारी बसायला कोणी आलंच तर तो सांगतो की जागा आहे, पण आपण फार बोलणारा माणूस नाही. एकदा त्याने अनंतला फोन लावला होता. अनंतने उचलला आणि विचारलं, "कामाचा काय आसा?" कामाचं काही नव्हतं. चंद्रप्रकाशने फोन ठेवून दिला.

तुम्ही हसलात, हसायलाच हवं. सरकारी कचेऱ्या हसण्यासाठीच असतात आणि तुमचं ऑफिस तसं नाही हे मलाही ठाऊक आहे. तिथे माणसं एकमेकांना धरून असतात. फक्त एक सांगा. गेल्या निरोपाच्या वेळी हातात समोसा धरून तुम्ही ज्याला म्हणालात, की तुमची उणीव आम्हाला कायम भासेल, त्याचं नाव काय होतं?