उमरे सरांचे बर्फातले सोयरे

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या भिलाईत स्टीलच्या वाट्या लुटतात. उमरेकाकूंनी मात्र बायकांच्या हातात वाण म्हणून पुस्तिका ठेवल्या. कॅनडातल्या फ्रेंच कविता, मराठीत! माझी बायको घरी येऊन म्हणाली, "याच्यात दही कसं लावू?" पुढच्या वर्षी निम्म्या बायका फिरकल्याच नाहीत. सरांना वाटलं, थंडी फार पडली आहे.

उमरे सर आमचे शेजारी, शाळेत इंग्रजी शिकवायचे. नागपूरला कॉलेजात असताना त्यांना फ्रेंचची बाधा झाली, ती काही उतरली नाही. संध्याकाळी प्लांटमधल्या इंजिनियरांना फ्रेंच शिकवायचे आणि क्वार्टरच्या व्हरांड्यात सायक्लोस्टाइलवर पुस्तिका काढायचे. प्रकाशक तेच, हमालही तेच. खपाचं विचारायचं नाही.

पॅरिसचं नाव काढलं की नाक मुरडायचे. "त्याइले काय कमी हाय? इंग्रजीच्या गराड्यात राहून जे घरी फ्रेंच बोलून राहिले, त्याइचं कोन छापन? बाजारात एक भाषा, चुलीपाशी दुसरी. थे आपले सोयरेच न, भाऊ!"

भिलाईत चहूकडे हिंदी, पण सर घरात हिंदीचा शब्द चालू द्यायचे नाहीत. मला हसू यायचं. काकू गेल्या आणि ते हसूही गेलं. प्रत्येक कविता आधी त्या ऐकायच्या, कणीक मळता मळता. आता क्वार्टरमध्ये सर एकटे, आणि मराठी बोलायला शेजारचा मी.

त्या उन्हाळ्यात सरांच्या मुलानं रायपूरहून नातीला आणून सोडलं. सरांनी तिच्यासाठी बर्फातल्या अस्वलाची गोष्ट मराठीत केली, मोठ्या अक्षरांत छापली. वाचक आधीच ठाऊक असलेली ही त्यांची पहिलीच पुस्तिका. चेहरा असा फुलला होता, की मलाच धास्ती वाटली.

दोन वाक्यं वाचून झाली असतील. पोरगी म्हणाली, "दादाजी, समझ में नहीं आ रहा. हिंदी में बताओ ना." आणि चप्पल शोधू लागली.

सरांनी चष्मा काढला. आता भाषेवर व्याख्यान होणार, मी सावरून बसलो.

"अच्छा, सुनो. एक था भालू..."

पुस्तिका मिटून त्यांनी सगळी गोष्ट हिंदीत सांगितली, अस्वलासारखं गुरगुरूनसुद्धा. पोरगी खिदळत मांडीवर आली आणि तिथंच झोपली.

"सर, तुम्ही, आणि हिंदीत?" मी हळूच म्हणालो.

तिच्या केसांतून हात फिरवत ते म्हणाले, "अडून बसलो असतो, तं उठून गेली असती न, भाऊ. घरात आता दुसरं कोन हाय आयकाले?"