पाच विश्वासतत्त्वे आणि दोन माठ

जगावर प्रभाव पाडायचा असेल तर जगाला त्याची आगाऊ सूचना देणे आवश्यक असते. नाहीतर जग आपल्या कामात असते, प्रभाव पडून जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. ही गोष्ट आमच्या मंडळीच्या लक्षात गेल्या जानेवारीत आली. त्याआधीची ब्याण्णव वर्षे आम्ही जबलपुरात विनासूचना होतो.

आमची मंडळी मराठी ख्रिस्ती लोकांची. कोणाचे आजोबा रेल्वेत आले, कोणाचे वडील फॅक्टरीत. एकूण सभासद त्रेसष्ट. रविवारी हजर एकतीस. प्रवचनाच्या शेवटी जागे एकोणीस. (नाताळात हाच आकडा एकशे चाळीसवर जातो. त्या दिवशी केक असतो.)

आमचे पाळकसाहेब रेव्हरंड अनुपम यांचे वय चौतीस. माणूस चांगला आहे. जानेवारीत ते तीन दिवसांच्या शिबिराला गेले आणि एक फाईल, एक पिशवी आणि एक प्रश्न घेऊन परत आले. ज्या मंडळ्या जगावर प्रभाव पाडतात त्यांची मूळ विश्वासतत्त्वे पक्की असतात, आपली कोणती? पंचकमिटीत आम्ही अकरा जण आहोत. अकरा जणांनी एकमेकांकडे पाहिले. मग एक उपसमिती नेमण्यात आली.

उपसमितीने आधी जग म्हणजे काय ते ठरवले. त्याला दोन बैठका लागल्या. आमच्या फाटकापासून ई-रिक्षा स्टँडपर्यंतचा रस्ता, दोन्ही बाजू धरून, एवढे जग मंजूर झाले. (स्टँडच्या पलीकडे दुसऱ्या मंडळीचे जग सुरू होते.)

मग तत्त्वे. ती अशी मंजूर झाली:

एक, पवित्र शास्त्र सत्य आहे. (एकमताने. ते किती वेळा वाचायचे हा विषय पुढच्या बैठकीवर ठेवला.)

दोन, येशू प्रभू आहे. (एकमताने. हा निर्णय कमिटीला विचारून झाला आहे असे कुठेतरी नमूद व्हावे, अशी एका ज्येष्ठ पंचांची इच्छा होती.)

तीन, तारण कृपेने मिळते, कर्मांनी नव्हे. (सर्वांत लवकर मंजूर. काम करावे लागणार नाही अशी सूचना आमच्याकडे आजवर अडलेली नाही.)

चार, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करावी. (उजवीकडच्या शेजाऱ्याशी भिंतीवरून आमची केस चालू आहे. म्हणून 'डावीकडच्या' हा शब्द घालावा अशी दुरुस्ती आली. ती फेटाळली. केस संपेपर्यंत अक्षर जरा लहान ठेवावे, असे ठरले.)

पाच, आपण जगाचे मीठ आणि प्रकाश आहोत. (अकरापैकी सात पंचांना डॉक्टरने मीठ बंद केले आहे. त्यांनी प्रकाशाच्या बाजूने मत दिले.)

ही तत्त्वे आठ फूट बाय पाच फूट फलकावर छापायची असे ठरले. बडा फुहारा बाजारातल्या फ्लेक्सवाल्याने सुचवले की, "पंडितजी, हिंदी में लिखवा लो, सब समझेंगे." पण आपली ओळख राहिली पाहिजे म्हणून फलक मराठीतच झाला. लिपी तीच असल्यामुळे रस्त्यावरच्या माणसाला तो मोठ्याने वाचता येतो, फक्त कळत नाही. अहवालात याची नोंद पन्नास टक्के यश अशी आहे.

आता माझ्याविषयी थोडे सांगावे लागेल, कारण पुढचा गोंधळ माझा आहे.

मी फॅक्टरीत तेहतीस वर्षे तपासणी विभागात होतो. समोर आलेला भाग पाहायचा आणि शिक्का मारायचा. मंडळीतही मला हेच काम मिळाले. बावीस वर्षे पंचकमिटीच्या प्रत्येक ठरावाला मी अनुमोदन देत आलो आहे. ठराव कोणीही मांडतो. सुचवण्यात आमची मंडळी मागे नाही. पण अनुमोदनाला हात वर होत नाही. कारण आमच्यात अशी रीत आहे की ज्याने अनुमोदन दिले, काम त्याच्या अंगावर. सूचक सुचवून मोकळा होतो. त्यामुळे ठराव वाचला की सगळे खाली पाहतात, सचिव भय्यासाहेब माझ्याकडे पाहतात, मी हात वर करतो आणि चहा येतो.

बावीस वर्षांत सुमारे चारशे ठराव झाले. कोणी विचारेल, एवढी कामे एका माणसाने केली कशी? केली नाहीत. अनुमोदन मी देत असे, काम हेमलता करत असे.

हेमलता माझी बायको. वेदीवरचे कापड धुणे, आजाऱ्याच्या घरी डबा, बरगीकडच्या दोन म्हाताऱ्यांना महिन्यातून एकदा औषध पोचवणे, सगळे तिच्याकडे. मी घरी येऊन सांगायचो, "अनुमोदन दिलं आज." ती म्हणायची, "कशाला दिलं ते तरी ऐकलं का जी?" बहुतेक वेळा मी ऐकलेले नसे.

सोळा वर्षांपूर्वी असाच एक ठराव झाला होता: तहानलेल्यांची सोय करावी. तेव्हापासून फाटकाच्या आत, लिंबाखाली, तिवईवर दोन माठ. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत रोज सकाळी साडेसहाला ती हापशावरून पाणी आणून ते भरायची. ई-रिक्षावाले, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, पनागरहून भाजी घेऊन येणारी इंदू, सगळे तिथे प्यायचे. किती जण, ते कोणी मोजले नाही. तेव्हा प्रभाव नोंदवायची वही निघालेली नव्हती.

ती नोव्हेंबरात गेली. तीन दिवस ताप होता. दवाखान्यात ती मला म्हणाली, "मार्चात एक माठ बदला. जुना पाझरून राहिला." मी हो म्हणालो. हे तिचे शेवटचे वाक्य नव्हते. शेवटचे वाक्य 'माझा चष्मा कुठंय' असे होते. पण तो चष्मा माझ्या खिशातच होता, तो मी लगेच दिला. माठाचे काम राहिले.

फेब्रुवारीची बैठक. विषय क्रमांक सात: 'फलकाकरिता दर्शनी भागातील अनावश्यक वस्तू हलवणे.' सगळ्यांनी खाली पाहिले. भय्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी त्या वेळी लाल माठ घ्यावा की काळा, याचा विचार करत होतो. हात वर केला. चहा आला.

मार्चच्या पहिल्या शनिवारी मी काळा माठ डोक्यावर घेऊन फाटकात पोचलो, तर लिंबाखाली फलक उभा होता. त्यावर हसणाऱ्या गोऱ्या मुलांच्या हातात पृथ्वीचा गोल. तिवई कोठीत गेली होती. दोन माठांपैकी चांगला माठ पाळकसाहेबांच्या खोलीत प्लास्टिकची फुले घालून ठेवला होता. पाझरणारा फुटला होता.

इंदू टोपली घेऊन उभी होती. फलकाच्या मागे वाकून पाहून आली आणि म्हणाली, "बाबूजी, दीदी का मटका किधर गया?"

"हटवला," मी म्हणालो. "कमिटीने."

"काहे?"

मी फलकाकडे बोट केले. तिने मोठ्याने वाचले. शे-जा-ऱ्या-वर-प्री-ती. "ये क्या है?"

"पडोसी से प्यार."

"अच्छा," इंदू म्हणाली. तिने टोपली उचलली आणि पाणी प्यायला स्टँडपलीकडच्या जगात निघून गेली.

मी भय्यासाहेबांकडे गेलो. ते रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. प्रभावाची वही त्यांच्याकडे असते. कमिटीच्या खोलीच्या खिडकीत बसून ते फलकापुढे कोण किती वेळ थांबले याची नोंद ठेवतात, येणे आणि सुटणे अशा दोन रकान्यांत.

"माठ परत ठेवायचे आहेत," मी म्हणालो.

"मग काहून हलवले?"

"मी नाही हलवले."

"नीलकंठ, अनुमोदन कोणाचं हाय?" त्यांनी ठरावांची वही उघडून दाखवली. "तुझं. मग हलवायचं काम बी तुझंच होतं. तू आला नाहीस म्हणून दोन मजूर लावा लागले. वरून मलाच विचारून राहिला!"

"मला वाटलं मोडक्या बाकांचा विषय आहे."

"सोळा वर्षं ते माठ तिथंच होते, तेव्हा तू एक दिवस तरी भरले का?"

भय्यासाहेब वाईट माणूस नाहीत. हेमलताच्या दफनाच्या दिवशी ते माझ्याजवळ चार तास बसले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि नियम सांगितला: झालेला ठराव फिरवायचा असेल तर नवा ठराव आणावा लागतो. सूचक कोणीही चालतो. अनुमोदक दुसरा पाहिजे. "आता दुसरा कुठून आणतो ते तू पाहा बापा," ते म्हणाले. "माझ्या माहितीत अनुमोदन देणारा एकच माणूस हाय, आणि तो तू."

एप्रिलच्या बैठकीत मी आयुष्यात पहिल्यांदा ठराव मांडला. माठ पूर्ववत ठेवावेत. एवढाच. भय्यासाहेबांनी तो वाचला आणि सवयीने माझ्याकडे पाहिले. मग बाकीच्यांनीही माझ्याकडे पाहिले. मी बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीतल्या लोकांकडे पाहत होतो. एक जण पेनाचे टोपण लावत होता, काढत होता. एक बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, आणि ते सापडू नये अशी त्यांची इच्छा दिसत होती. दोघांनी डोळे मिटले होते. (प्रार्थना करणाऱ्याला व्यत्यय आणू नये, असा आमच्याकडे नियम आहे.)

"काका," पाळकसाहेब हळू म्हणाले, "मी अध्यक्ष आहे. मला अनुमोदन देता येत नाही."

"माहीत आहे."

"आपण हा विषय प्रार्थनेत ठेवू."

प्रार्थनेत ठेवला. तिथे तो सुरक्षित आहे.

बैठक संपल्यावर पायरीवर मला एकेकाने गाठले. ठराव मनापासून पटल्याचे नऊ जणांनी मला सांगितले. चौघांच्या डोळ्यांत पाणी होते. एक जण म्हणाला, "हेमलतावहिनींसारखं माणूस होणे नाही. ते माठ म्हणजे आपल्या मंडळीची साक्ष होती." मी म्हणालो, "मग हात वर काहून नाही केला?" तो म्हणाला, "गुडघा."

घरी गेलो आणि विचार केला. कमिटीची हद्द भिंतीपर्यंत आहे. भिंतीच्या बाहेर जग आहे, तसा ठरावच झालेला आहे, आणि जगात माठ ठेवायला आमच्या कमिटीची परवानगी लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काळा माठ फाटकाबाहेर, फुटपाथवर, फलकाच्या बरोबर समोर मांडला. बाजूला दुसरा, लाल, नवा घेऊन ठेवला. आणि हापशावर गेलो.

तेव्हा मला भरलेली बादली किती जड असते ते कळले. हापशापासून फाटकापर्यंत एकशे दहा पावले आहेत. मध्ये दोनदा खाली ठेवावी लागते. एका माठाला तीन बादल्या. हेमलता सहा आणायची, आणि मी उठायच्या आत घरी येऊन चहा ठेवलेला असायचा. मला वाटायचे ती फिरायला जाते.

मी एकच माठ भरू शकतो. तो अकरा वाजता संपतो. लाल माठ उलटा ठेवलेला असतो.

मेमध्ये प्रभावाचा पहिला तिमाही अहवाल आला. मार्चमध्ये फलकापुढे थांबणाऱ्यांची रोजची सरासरी तीन होती. (एक माठ विचारणारा, एक लघवीची जागा विचारणारा, आणि एक शेळी, जिची नोंद 'इतर' मध्ये आहे.) एप्रिलअखेर तीच सरासरी चौऱ्याण्णववर गेली. अहवालात म्हटले होते की लोक फलकासमोर येतात, मान वर करतात, काहींचे डोळे मिटलेले असतात, आणि जाताना ते तळहातांनी तोंड पुसतात. भय्यासाहेबांनी शेरा दिला होता: 'भक्तिभावाने.' अकरानंतर मात्र प्रभाव एकाएकी ओसरतो. याचे कारण उन्हात शोधण्यात येत आहे.

मी भय्यासाहेबांना विचारले, "खिडकीतून माठ दिसत नाही का?"

"दिसतो ना," ते म्हणाले. "पण माठाचा रकाना नाही जी वहीत."

पाळकसाहेबांना आता शिबिरात अनुभव सांगायला बोलावले आहे. जायच्या आदल्या दिवशी सकाळी पावणेसातला ते फाटकात आले. मी बादली खाली ठेवून दम खात होतो. त्यांनी फलकाकडे पाहिले, माठाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "काका, एक फोटो काढतो." फोटो चांगला आला. त्यात बादली आली नाही.

अहवालाला मंजुरी देण्याचा ठराव आला तेव्हा सगळ्यांनी खाली पाहिले. भय्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी हात वर केला नाही. चहा यायला पावणेदोन तास लागले.

माझा ठराव अजून खुला आहे. ठरावांच्या वहीत असे लिहिले आहे: सूचक, नीलकंठ. अनुमोदक, आणि पुढे रेघ. नियमात सभासदच हवा असे कुठे लिहिलेले नाही, ख्रिस्तीच हवा असेही नाही. मी तीनदा वाचून पाहिले. तुम्ही हे वाचता वाचता आमच्या पंचांना बरीच नावे ठेवली असतील, आणि हेमलताच्या ठिकाणी मानही हलवली असेल. मान हलवलेली आमच्याकडे धरत नाहीत. पायरीवर नऊ जणांनी हलवली होती. हात वर करावा लागतो, आणि त्याच हातात मग बादली येते. दुसरी बादली हापशाजवळ उलटी ठेवली आहे. फाटक साडेसहाला उघडते.

तुमचा गुडघा कसा आहे?