तपासणी टोपी घालूनच करावी

कोणताही समाज किती सुसंस्कृत आहे हे दोन गोष्टींवरून ठरते. एक, तो मुक्या प्राण्यांना कसे वागवतो. आणि दोन, त्याबद्दलचा फॉर्म तो किती प्रतींत भरतो. टेनेसीतील वॉलनट फोर्क काउंटी या दुसऱ्या कसोटीवर फार वरच्या क्रमांकावर होती. तिथे फॉर्म पाच प्रतींत भरत, आणि पाचही प्रतींवर ओडेल टॅन्सिल याची सही असे.

ओडेल अठ्ठावन्न वर्षांचा होता. सोमवार ते शुक्रवार तो नालबंद होता, म्हणजे घोड्यांना नाल ठोकत असे. शनिवारी तो निरीक्षक होता, म्हणजे ते नाल नियमानुसार ठोकले आहेत की नाही हे तपासत असे. काही बाहेरच्या लोकांना यात विसंगती दिसे. काउंटीला दिसत नसे. ज्याने काम केले त्यालाच ते कसे केले हे ठाऊक, तेव्हा तपासणार तरी दुसरा कोण?

इथल्या घोड्यांची एक खास चाल आहे. पुढचा पाय छातीपर्यंत उचलायचा, क्षणभर हवेत धरायचा आणि मग ज्या जमिनीवर आपला विश्वास नाही तिच्यावर टेकवायचा. ही चाल घोड्याच्या रक्तातच असते, असे प्रशिक्षक सांगतात. रक्तातून पायात उतरायला तिला थोडी मदत लागते, एवढेच. (मदतीचे साहित्य: नालाखाली चार इंच जाडीचे थर, खुराच्या वर साखळी, आणि साखळी जिथे घासते त्या मऊ जागेवर मोहरीचे जहाल तेल किंवा रॉकेल. वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळून रात्रभर ठेवावे.) पाय टेकला की आग होते, म्हणून घोडा तो टेकवायला तयार नसतो. या नाखुशीलाच रिंगणात डौल म्हणतात.

सरकारने या मदतीवर पन्नासेक वर्षांपूर्वीच बंदी घातली आहे. बंदी सोपी आहे. निरीक्षकाने त्या मऊ जागेवर अंगठ्याने दाबावे. घोड्याने पाय ओढून घेतला, तर दुखते. नाही ओढला, तर दुखत नाही. फॉर्ममध्ये त्यासाठी एकच रकाना आहे: 'दुखते / दुखत नाही (नको ते खोडावे)'.

अकरा वर्षांत ओडेलने चार हजार दोनशे बारा घोडे तपासले. दोष आढळले तीन. त्यातला एक घोडा भलत्याच नावाने आला होता, एक खेचर होते आणि तिसरा केंटकीच्या माणसाचा होता. एका तपासणीला सरासरी एकोणीस सेकंद लागत. ("आई बरी आहे ना?" हा प्रश्न आणि त्याचे उत्तर धरून.) उलट, ज्या दिवशी सरकारी डॉक्टर येत, त्या दिवशी दर दहा घोड्यांमागे चारांचे पाय दुखत. काउंटीच्या स्वयंशिस्त समितीने या आकड्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की घोड्यांचे पाय सरकारी डॉक्टरांमुळे दुखतात. डॉक्टरांना घोड्यांपासून किमान दोनशे फुटांवर ठेवावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. समितीचे अध्यक्ष हॉलिस क्रॅबट्री हे काउंटीतले सर्वांत मोठे प्रशिक्षक होते. शिस्त कशी लावायची हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

ओडेलचा जीव होता तो बिल्ल्यात. पितळी बिल्ला, हिरवी टोपी, फाटकाजवळचे टेबल आणि दर शनिवारी ध्वनिक्षेपकावरून होणारी घोषणा: "आपले निरीक्षक, श्री. ओडेल टॅन्सिल!" आठवड्याचे पाच दिवस माणूस घोड्याच्या पोटाखाली वाकून काढतो, तेव्हा सहाव्या दिवशी आपले नाव आभाळातून ऐकायला त्याला बरे वाटते. बिल्ला गेला तर प्रेक्षकांत मेहुणा रॉइसशेजारी बसावे लागणार होते. रॉइस अकरा वर्षे ती जागा राखून होता.

जूनमध्ये सरकारी पत्र आले. येत्या शनिवारी डॉक्टर इमोजेन फॉल्क येतील. स्थानिक निरीक्षकाचे मत त्यांच्या मताशी जुळले नाही, तर त्याचा परवाना रद्द होईल. त्याच दुपारी हॉलिसचा फोन आला.

"पत्र वाचलंस ना?"

"वाचलं."

"मग माझंही ऐकून ठेव. शनिवारी माझ्या घोडीवर 'दुखतं' लिहिलंस, तर बिल्ला काढून घेणारा मीच. बाकी तुझी इच्छा. आपल्याकडे लोकशाही आहे."

ओडेलची बायको नडीन भेंडी तळत होती. तिने वळूनही पाहिले नाही. "सोपं आहे की. खरं काय ते लिही."

"खरं काय ते मला कसं कळणार? मी निरीक्षक आहे."

हॉलिसच्या घोडीचे कागदोपत्री नाव 'मॅग्नोलियाज संडे बेस्ट' होते आणि घरचे बिस्किट. तिच्या पायात पहिला नाल ओडेलनेच ठोकला होता. त्याच्या शर्टाच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या असतात हे तिला तेव्हापासून ठाऊक होते. हॉलिसच्या तबेल्यात दर गुरुवारी तिचे 'शिष्टाचार प्रशिक्षण' चाले. टोपी घातलेला एक माणूस पुठ्ठ्याला फॉर्म लावून येई, वाकून पाय दाबे, आणि तिने पाय ओढला की नाकावर काठी बसे. तीन आठवड्यांत बिस्किटला विषय कळला. टोपीवाला वाकला की दगड व्हायचे. सरावासाठी टोपी ओडेलचीच नेत. कशाला हवी, हे त्याने कधी विचारले नाही. विचारणे हे निरीक्षकाचे काम नाही, असे त्याला प्रशिक्षणात शिकवले होते. (प्रशिक्षण दीड तासाचे होते. त्यात जेवणाची सुटी एक तास.)

शनिवारी चार वाजता मैदानावर चौऱ्याहत्तर ट्रेलर उभे होते. चार वाजून सात मिनिटांनी फाटकातून पांढरी सरकारी गाडी आत आली. साडेचारला एक ट्रेलर उरला. ओडेलने नियमाप्रमाणे गैरहजेरीची कारणे नोंदवली: घोड्याच्या पोटात दुखणे, एकतीस, सासू आजारी, एकोणीस, घरी गॅस चालू राहिला, बावीस. त्र्याहत्तराव्या ट्रेलरमध्ये कलिंगडे होती, पण सगळे निघाले म्हणून तोही निघाला.

उरलेला ट्रेलर हॉलिसचा होता. त्याच्यापुढे तळलेल्या माशांची गाडी आडवी लागली होती, आणि गाडीवाला राष्ट्रगीतासाठी चांगली जागा धरायला पुढे जाऊन बसला होता.

डॉक्टर फॉल्क पंचविशीतली, उन्हाने लाल झालेली मुलगी होती. डोक्यावर निळी सरकारी टोपी.

"कुठल्या तुम्ही, डॉक्टरबाई?" हॉलिसने विचारले.

"ओहायोची."

"तिकडे घोडे असतात का?"

"असतात. चालतात."

तिने बिस्किटच्या पुढ्यात गुडघा टेकला आणि दाबायला सुरुवात केली. बिस्किट हलली नाही. तिचा कानही हलला नाही. डोळ्यावर माशी बसली, तरी पापणी हलली नाही. डॉक्टरने एक मिनिट दाबले, दोन मिनिटे दाबले, वेगवेगळ्या बाजूंनी दाबले. घड्याळ लावून इतकी लांब तपासणी काउंटीने कधी पाहिली नव्हती. ओडेल पेन उघडून शेजारी उभा होता. 'दुखत नाही' हे उत्तर त्याला लांबूनच दिसू लागले, आणि छातीवरचा बिल्ला जरा हलका झाल्यासारखा वाटला.

"जिवंत घोडा इतका स्थिर नसतो," डॉक्टर पुटपुटली.

"संस्कार आहेत हो," हॉलिस म्हणाला.

तपासणी नेहमी राष्ट्रगीताच्या आधी संपत असे. एकोणीस सेकंदांची तपासणी कशाच्याही आधी संपते. आज मात्र डॉक्टरचा अंगठा घोडीच्या पायावर असतानाच ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत सुरू झाले.

वॉलनट फोर्कमध्ये राष्ट्रगीत सुरू झाले की डोक्यावर टोपी राहत नाही. भाजणारा तवा सोडतो, भांडणारा वाक्य सोडतो, आणि दोघे टोपी काढतात. चारशे लोकांनी टोप्या काढल्या. हॉलिसने काढली. ओडेलने काढली. डॉक्टर ओहायोची असली तरी तिनेही एका हाताने टोपी काढून छातीशी धरली. दुसरा हात होता तिथेच होता.

बिस्किटने खाली पाहिले. तिच्या पायाशी एक उघडे डोके होते. टोपी नाही, म्हणजे तपासणी नाही. तपासणी नाही, म्हणजे काठी नाही. तिने असा काही पाय ओढला की डॉक्टर माशांच्या गाडीपर्यंत घरंगळत गेली.

राष्ट्रगीत संपेपर्यंत कोणी बोलले नाही. मग हॉलिस म्हणाला, "देशभक्ती! मॅडम, ही घोडी फार भावनाप्रधान आहे हो."

"गाणं संपलंय. आता दाबते." डॉक्टरने उघड्या डोक्याने पुन्हा दाबले. बिस्किटने पुन्हा पाय ओढला.

"अजून उतरलं नाही तिचं," हॉलिस म्हणाला.

डॉक्टर आपल्या हातातल्या टोपीकडे बघत राहिली. मग ओडेलकडे वळली. "मिस्टर टॅन्सिल, एक प्रयोग करू या. तुम्ही दाबा. टोपी घालून तीनदा, काढून तीनदा. मी सांगेन त्या क्रमाने."

ओडेल वाकला. टोपी घातली, दगड. टोपी काढली, पाय वर. काढलेलीच ठेवली, पुन्हा वर. घातली; दगड. एव्हाना प्रेक्षक कठड्याशी आले होते आणि मोठ्याने मोजत होते. "घाल रे ओडेल!" "काढ आता!" रॉइस सगळ्यांत पुढे होता. "मधल्यामध्ये ठेवून बघ भाऊजी, अर्धा पाय उचलते का!"

सहाव्या खेपेला टोपी काढायची होती. ओडेलने काढली आणि अंगठा ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. अकरा वर्षांत त्याने तिथे एकोणीस सेकंदांहून जास्त वेळ हात ठेवला नव्हता. जागा तव्यासारखी तापली होती. बिस्किटने पाय ओढला, थरथरत हवेत धरला, आणि मग मान वळवून त्याच्या खिशात पेपरमिंट शोधू लागली.

"लिही," हॉलिस हळूच म्हणाला. "विचार करून लिही."

ओडेलने पेपरमिंट घोडीला दिली आणि फॉर्मवर 'दुखत नाही' खोडले. काउंटीतल्या घोड्यासाठी अकरा वर्षांत त्याने ते शब्द खोडले नव्हते. पेन कुठून सुरू करावे हेही त्याला क्षणभर कळेना. पाच प्रती होत्या, पाचही खोडल्या. मग बिल्ला काढून हॉलिसच्या हातावर ठेवला. टोपीही दिली. "ही जपून ठेवा. बारा वर्षांचं शिक्षण आहे हिच्यात, घोडीचं एक आणि माझं अकरा."

आता कोणाला वाटेल की विषय संपला. पण वॉलनट फोर्क ही कायद्याने चालणारी काउंटी आहे. हॉलिसने तिथेच अपील केले. अपील स्वयंशिस्त समितीकडे गेले, म्हणजे हॉलिसच्या उजव्या खिशातून डाव्या खिशात, आणि नियम सतराप्रमाणे अपिलाचा निकाल लागेपर्यंत घोडी ठणठणीत आहे असे गृहीत धरण्यात आले. डॉक्टरने सहा पानी विरोध नोंदवला. तो दाखल करून घेण्यात आला. (फायलींच्या कपाटाचा एक पाय तुटला होता, टेकू हवाच होता.) समितीने तिच्या प्रयोगाचे मात्र मनापासून स्वागत केले. घोड्यांच्या दुखण्याचे खरे कारण विज्ञानाने प्रथमच सिद्ध झाले होते: उघडे डोके. यापुढे तपासणी टोपी घालूनच करावी आणि राष्ट्रगीत शेवटी घ्यावे, असा ठराव झाला.

ओडेल जाऊन रॉइसशेजारी बसला.

"आलास शेवटी," रॉइस म्हणाला. "सरक जरा. गोड चहा घे."

सहा वाजता आभाळातून घोषणा झाली, दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाची, आणि बिस्किट रिंगणात आली. एकटीच. प्रतिस्पर्धी नव्हते, पण नियमाप्रमाणे एकट्या घोड्यालाही पहिला क्रमांक तेव्हाच देतात, जेव्हा परीक्षकाला चाल पसंत पडते. पहिल्या फेरीत पाय गुडघ्यापर्यंत आला. टाळ्या जेमतेम पडल्या. पाठीवर बसलेल्या हॉलिसने लगाम आवळला. दुसऱ्या फेरीत पाय पोटापर्यंत आला आणि टाळ्या वाढल्या. तिसऱ्या फेरीत पाय छातीला लागला, तेव्हा चारशे माणसे उठून उभी राहिली. ओडेलच्या नजरेला फक्त नाल दिसत होते. मंगळवारी ठोकलेले, खिळे सरळ, काम चोख.

"टाळ्या वाजव की," रॉइस ओरडला. "तुझेच नाल आहेत ना!"

ओडेलने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिला.

डॉक्टर फॉल्क चिकाटीची मुलगी होती. बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना तिने फाटकाशी थांबवून छापील प्रश्नावली दिली. 'घोड्यांवर तुमचे प्रेम आहे का?' चारशे बारांपैकी चारशे बारा जणांनी 'होय' लिहिले. 'त्यांना यातना द्याव्यात का?' चारशे बारांनी 'नाही'. प्रश्नावलीच्या तळाशी 'आपली शंका' असा एक मोकळा रकाना होता. जे लवकर निघाले होते त्या सगळ्यांनी त्यात एकच वाक्य लिहिले होते. पायाबद्दल नव्हते, टोपीबद्दल नव्हते, ओडेलबद्दल तर नव्हतेच. ते होते: "मग शेवटी जिंकली का ती?"

हा प्रश्न आत्ता आपल्याही मनात आला असल्यास कृपया टोपी काढू नये.